इंडियन असून नॉन-इंडियन

प्रिय मावशी,

आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहतो. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. सासू-सासरे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले आहेत. जूनमध्ये धाकटे दीर डॅलसहून येतील. मग सगळ्यांनी आमच्या सात सीटच्या गाडीतून ग्रँड कॅनियन, पेज, अँटिलोप कॅनियन, मॉन्युमेंट व्हॅली आणि येताना होपी लोकांची गावं असा पाच दिवसांचा बेत आहे.

अडचण अशी की नवऱ्याकडे पिस्तूल आहे. दोन वर्षांपूर्वी शेजारी चोरी झाली तेव्हा घेतलं. त्याचं ग्रीन कार्ड आहे, ॲरिझोनाचा परवानाही काढलाय, त्यामुळे इथे सगळं कायदेशीर आहे. ते गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये असतं, भरलेलं. मी म्हटलं, या वेळी रिझर्व्हेशनमधून, म्हणजे मूळनिवासी टोळ्यांच्या राखीव मुलखातून जायचंय, घरी ठेव. तर म्हणतो, ‘तिथेच तर जास्त गरज, मैलोन् मैल माणूस नाही.’ शूटिंग रेंजवरच्या मित्रांनी त्याला सांगितलंय की ट्रायबल पोलिसांना आपल्यावर अधिकारच नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, ते हातसुद्धा लावू शकत नाहीत. शिवाय वाटेत एखाद्या मोकळ्या माळावर भावाला चार गोळ्या झाडायला द्यायच्या आणि सासऱ्यांचा पिस्तूल हातात घेऊन फोटो काढायचा, असंही ठरलंय. दीर एच-वन-बीवर आहेत. अर्धं ड्रायव्हिंग तेच करणार.

मी विषय काढला की ‘तुला कायदा कळत नाही’ यावर तो संपतो. खरंच कळत नाही. पण पोटात गोळा येतो. तो बरोबर आहे का?

— एक अस्वस्थ सून

प्रिय सूनबाई,

तुझा नवरा निम्मा बरोबर आहे. म्हणूनच मला त्याची जास्त काळजी वाटते. पूर्ण चुकलेला माणूस निदान विचारतो तरी. मित्रांनी ज्या निकालाचं नाव घेतलं तो निकाल खरा आहे, पण त्याचा अर्थ ते सांगतात तेवढा लांब जात नाही.

आधीच सांगते, मी वकील नाही. फ्लॅगस्टाफला एका वकिलाच्या कचेरीत अठरा वर्षं फायली लावल्या, एवढीच माझी लायकी. पण त्या फायलींनी एक शिकवलं. रिझर्व्हेशनवरच्या कुठल्याही प्रकरणात ‘काय झालं’ हा पहिला प्रश्न नसतो. जमीन कोणाची होती, करणारा कोण होता आणि ज्याचं नुकसान झालं तो कोण होता, हे आधी विचारतात. या तीन उत्तरांवर ठरतं की प्रकरण टोळीच्या कोर्टात जाणार, राज्याच्या की केंद्राच्या.

यातल्या ‘करणारा कोण’वरून आमचीच फजिती झाली होती. या देशात येऊन वर्षही झालं नव्हतं. नवाहो टोळीच्या मुलखात, ट्यूबा सिटीच्या अलीकडे, गाडी जोरात हाणल्याबद्दल नवाहो पोलिसाने थांबवलं. त्याने यजमानांना विचारलं, ‘आर यू इंडियन?’ यजमान ताठ मानेने म्हणाले, ‘येस सर!’ पुढचा प्रश्न आला, ‘विच ट्राइब?’ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. जात सांगायची, पोटजात सांगायची की गोत्र, काही कळेना. शेवटी त्याने लायसन्सवरचं लांबलचक नाव वाचलं, हसला आणि समज देऊन सोडलं.

तो प्रश्न त्याने गंमत म्हणून विचारला नव्हता. त्याला कायद्याने ते ठरवावंच लागत होतं. अमेरिकी कायद्यात ‘इंडियन’ म्हणजे मूळनिवासी वंशाचा आणि टोळीने किंवा सरकारने तसा मानलेला माणूस. चेरोकी टोळीने दत्तक घेतलेला गोरा माणूससुद्धा ‘इंडियन’ होत नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १८४६ सालीच सांगून टाकलं. तेव्हा भारताचा पासपोर्ट असो नाहीतर नसो, तुम्ही सातही जण त्या हद्दीत नॉन-इंडियन.

आता नवऱ्याचा निकाल. तो ‘ऑलिफंट विरुद्ध सुक्वामिश टोळी’, साल १९७८. वॉशिंग्टन राज्यात सिॲटलपलीकडे पोर्ट मॅडिसन नावाचं सुक्वामिश लोकांचं रिझर्व्हेशन आहे. १९७३च्या ऑगस्टात त्यांचा वार्षिक उत्सव होता, हजारो माणसं येणार होती. टोळीने बंदोबस्तासाठी बाहेर मदत मागितली, ती नावापुरती मिळाली. उत्सवात पहाटे साडेचारला टोळीच्या पोलिसांनी तिथेच राहणाऱ्या एका गोऱ्या माणसाला पकडलं. आरोप पोलिसावर हात टाकल्याचा. रिझर्व्हेशनच्या प्रवेशापाशी पाट्या होत्या की आत आलात म्हणजे आमच्या कोर्टाचा अधिकार मान्य केलात. सुप्रीम कोर्टाने त्या पाट्यांना काडीची किंमत दिली नाही. सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला की केंद्राच्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय टोळीच्या कोर्टाला नॉन-इंडियनवर फौजदारी खटला चालवता येत नाही.

हा निकाल आजही उभा आहे. मला विचारशील तर तो अन्यायाचा आहे. आपल्या अंगणात येऊन कुणी धुडगूस घालावा आणि घरधन्याने त्याला फक्त दुसऱ्या कोणाच्या हवाली करावं, हे कुठलं राज्य? रिझर्व्हेशनवरच्या बायकांनी त्याची किंमत वर्षानुवर्षं मोजली. मारहाण करणारा नवरा बाहेरचा असेल तर टोळीच्या कोर्टाला तो दिसतच नसे. त्यामुळे २०१३ साली काँग्रेसने स्त्रियांवरील हिंसाचाराच्या कायद्यात एक फट ठेवली, आणि २०२२ साली ती रुंद केली. घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार, पाठलाग, मुलांवरची हिंसा, आणि अशा प्रकरणात टोळीच्या पोलिसावर किंवा कोर्टाच्या माणसावर केलेला हल्ला, अशा काही गुन्ह्यांत ठरावीक अटी पाळणाऱ्या टोळ्या आता नॉन-इंडियनवरही खटला चालवू शकतात. रेंजवरच्या मित्रांचं ‘कधीच नाही’ तिथेच गळून पडतं. तरी तुमच्या सहलीशी या अपवादाचा संबंध नाही, म्हणून तो इथेच सोडते.

संबंध आहे तो दुसऱ्या निकालाचा. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध कूली’, १ जून २०२१. हे नाव नवऱ्याला लिहून दे. मोंटानात क्रो टोळीच्या रिझर्व्हेशनमधून हायवे २१२ जातो. २०१६च्या फेब्रुवारीत मध्यरात्रीनंतर तिथे रस्त्याकडेला एक ट्रक उभा होता. टोळीचा पोलीस मदत हवी का विचारायला थांबला. चालकाचे डोळे लाल, पाणावलेले, आणि पुढच्या सीटवर दोन सेमी-ऑटोमॅटिक रायफली. पोलिसाने त्याला उतरवलं, झडती घेतली, पुढे गाडीत अमली पदार्थही सापडले. चालक नॉन-इंडियन. त्याच्या वकिलांनी अगदी तुझ्या नवऱ्याचा मुद्दा मांडला: टोळीच्या पोलिसाला आमच्या अशिलाला रोखायचा अधिकारच नव्हता, म्हणून सापडलेला पुरावा बाद करा. खालच्या दोन कोर्टांनी तो मान्यही केला. सुप्रीम कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी उलटवला. रिझर्व्हेशनमधून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरही राज्याचा किंवा केंद्राचा कायदा मोडल्याचा संशय असेल तर टोळीचा पोलीस नॉन-इंडियनला थांबवू शकतो, वाजवी वेळ रोखू शकतो, झडती घेऊ शकतो आणि योग्य त्या पोलिसांच्या ताब्यात देऊ शकतो.

म्हणजे बघ, खटला चालवता येत नाही हे खरं, पण म्हणून अडवता येत नाही असं नाही. ‘हात लावू शकत नाहीत’ असं मनात धरून, रात्री, ओसाड रस्त्यावर, ग्लव्ह बॉक्सकडे हात नेत पोलिसाशी हुज्जत घालणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो आणि माझ्याही पोटात गोळा येतो. आणखी एक. कित्येक ठिकाणी टोळीच्या पोलिसाकडे राज्याचं किंवा केंद्राचं अधिकारपत्रही असतं. बिल्ला एकच दिसतो, टोप्या दोन असतात.

नवरा यावर अमेरिकी घटनेची दुसरी दुरुस्ती काढेल. शस्त्र बाळगायचा घटनादत्त हक्क. घराबाहेर शस्त्र बाळगण्याच्या बाजूने लागलेल्या २०२२च्या न्यूयॉर्कच्या निकालाचंही नाव घेईल, रेंजवर ते घेतातच. त्याला सांग, तो हक्क केंद्राला आणि राज्यांना बांधतो. टोळ्या त्या घटनेच्या आधीपासूनच्या. त्यांना ती हक्कांची सनद थेट लागू होत नाही, हे १८९६ साली चेरोकींच्या एका खटल्यात ठरलं. पुढे १९६८ साली काँग्रेसने टोळ्यांच्या सरकारांनाही बांधणारा नागरी हक्कांचा कायदा केला. त्यात भाषणाचं स्वातंत्र्य आलं, बेकायदा झडतीपासून संरक्षण आलं. शस्त्राचा हक्क मात्र घातला नाही.

परवान्याचंही तसंच. आपल्याकडे कलेक्टर किंवा पोलीस आयुक्त शस्त्रपरवाना देतात आणि तो कुठल्या हद्दीत चालतो ते त्यावर लिहिलेलं असतं. सासऱ्यांना हे चटकन कळेल, त्यांनाच बोलायला लाव. ॲरिझोनाचा परवाना ॲरिझोनाचा. दुसरी राज्यं तो मानतात ती आपसांतल्या समजुतीने. नवाहो नेशन, म्हणजे नवाहो टोळीचा मुलूख आणि सरकार, हे राज्य नाही आणि त्याने तशी समजूत केलेली नाही. ठरावीक अपवाद सोडले तर भरलेली बंदूक घेऊन फिरणं नवाहो कायद्यात गुन्हा आहे, आणि त्यांच्या पार्कांमध्ये बंदुका चालतच नाहीत.

नवरा म्हणेल, ग्रँड कॅनियनला चालतं मग इथे का नाही? चालतं, कारण २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याचा बंदूककायदा लागू आहे. तिथेही व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतींत नाहीच. पण मॉन्युमेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान नाही. ते १९५८ साली नवाहोंनी स्वतः केलेलं त्यांचं पार्क आहे. पेजचं अँटिलोप कॅनियनही त्यांचंच, वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. तिकीट काढून आपण त्यांच्या घरात शिरतो आणि घरात काय आणायचं ते घरचे ठरवतात. नवाहो नेशन पसरलंय तीन राज्यांत, आपल्या अख्ख्या कोकण विभागाच्या दुपटीहून मोठं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तू ऐकली असशील. नवाहोंकडे त्या अर्थाचा तह आहे, १८६८ सालचा. त्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलंय की परवानगी नसलेल्या कोणीही या प्रदेशातून जायचं नाही, वस्ती करायची नाही.

हा तह कशानंतर झाला तेही मुलीला वाटेत सांग, नऊ वर्षांची आहे, तिला कळेल. १८६३-६४ साली किट कार्सन या अमेरिकी सैन्याधिकाऱ्याच्या फौजेने नवाहोंची पिकं जाळली, मेंढरं मारली, कॅनियन डी शेमधली पीचची झाडं तोडली. उपाशी लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोत बोस्के रेदोंदोला नेऊन चार वर्षं डांबलं. त्या मुलखात बाहेरच्या माणसाच्या कमरेचं शस्त्र कसं दिसत असेल, याचा विचार नवऱ्याने एकदा करावा.

मग नियम मोडला आणि खटला चालवता येत नाही, तर टोळी करते काय? पहिलं म्हणजे बाहेर काढते. नको असलेल्या माणसाला आपल्या जमिनीवरून हाकलायचा अधिकार टोळ्यांकडे शाबूत आहे आणि कोर्टांनी तो वारंवार मान्य केलाय. पाच दिवसांची सहल, आगाऊ भरलेली हॉटेलं, सत्तरीतले सासू-सासरे, आणि पार्कच्या फाटकावरून परत. काही ठिकाणी दिवाणी दंडही लावतात. त्याबद्दल १९८१ आणि १९९७चे निकाल टोळ्यांना आखडून धरतात, विशेषतः राज्याच्या हायवेवर. टोळीच्या स्वतःच्या जमिनीवर, म्हणजे नेमकं पार्कमध्ये, त्यांची बाजू बळकट असते. यावर वकील तासन् तास भांडतात, त्याचे पैसे घेतात. तुम्हाला त्या भांडणातला पक्षकार व्हायचंय का, एवढंच बघ. पिस्तूल ताब्यात घेतलं गेलं तर ते सोडवायला दूरच्या कचेऱ्यांत खेटे घालावे लागतील ते वेगळेच.

‘डिकीत कुलूपबंद, रिकामं ठेवतो’ ही तडजोड तो नक्की सुचवेल. प्रवासात शस्त्र नेण्याला संरक्षण देणारा केंद्राचा एक कायदा आहे खरा. पण जिथून निघालो आणि जिथे पोचायचं त्या दोन्ही जागी बाळगणं कायदेशीर असेल तर तो उपयोगी. तुम्हाला पोचायचंय तिथे बंदी आहे. शिवाय त्या कायद्याचे शब्द राज्यांबद्दल आणि राज्यांतल्या स्थानिक संस्थांबद्दल आहेत, टोळ्यांचा त्यात उल्लेखच नाही.

आणि माळावरचा तो नेमबाजीचा बेत तर मुळातून खोडून टाक. ॲरिझोनात सरकारी वनजमिनीवर लोक डबे मांडून नेम धरतात, तीच सवय असेल. नवाहो मुलखात रिकामा दिसणारा माळ कुणाच्या तरी चराईचा असतो. टेकडीआड हॉगन, म्हणजे नवाहोंचं घर, असतं, मेंढरांमागे एखादी आजी असते. तिच्या दृष्टीने तुम्ही तिच्या परसात गोळ्या झाडताय. त्यातून एखादा ससा टिपायची हौस आली, तर परवानगीशिवाय टोळीच्या जमिनीवर शिकारीला शिरणं हा केंद्राचा गुन्हा आहे आणि तो केंद्राच्या कोर्टात चालतो. तिथे ऑलिफंट वाचवायला येत नाही.

एवढं सगळं मी टोळीच्या हद्दीबद्दल लिहिलं. पण पत्र वाचताना माझा श्वास अडकला तो तुझ्या शेवटच्या ओळींशी, जिथे तू सहज लिहून गेलीस की दीर एच-वन-बीवर आहेत.

सूनबाई, एच-वन-बी हा नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वस्तीचा नसलेला व्हिसा. अशा व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट आहे, तसे आणखी थोडे अपवाद आहेत, बाकी बंदी सरसकट. ॲरिझोनात असो, टेक्सासात असो नाहीतर रिझर्व्हेशनवर. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत. ‘बाळगणं’ म्हणजे हातातच असायला हवं असं नाही. माहीत असून ते आपल्या आवाक्यात, आपल्या ताब्यातल्या गाडीत असणंही त्यात बसू शकतं. दीर स्टिअरिंगवर, ग्लव्ह बॉक्स त्यांच्या उजव्या हाताशी, आत भरलेलं पिस्तूल, आणि कूली निकालाप्रमाणे केंद्राच्या कायद्याच्या संशयावरून रोखायचा अधिकार असलेला पोलीस खिडकीशी. सगळे धागे एकाच गाडीत येऊन बसले की!

माळावर चार गोळ्या झाडायला देणं म्हणजे तर उघड हातात देणं. जाणूनबुजून अशा माणसाला शस्त्र देणाऱ्यासाठीही कलम आहे. २०१९ साली सुप्रीम कोर्टात गेलेलं एक प्रकरण नेमकं असंच सुरू झालं होतं. विद्यार्थी व्हिसाचा दर्जा गमावलेला एक मुलगा रेंजवर जाऊन नेम धरून आला. कोर्टाने सांगितलं की आपला दर्जा काय आहे हे त्या माणसाला माहीत होतं, एवढं सरकारने सिद्ध करायला हवं. दिरांना आपण कोणत्या व्हिसावर आहोत हे झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येईल. ‘असा नियम आहे हे माहीत नव्हतं’ ही सबब सहसा चालत नाही.

सासऱ्यांचा फोटोही त्यातलाच. ते बी-टूवर, म्हणजे पर्यटक व्हिसावर आले असणार, तोही नॉन-इमिग्रंट व्हिसाच. आपल्या लोकांत ही खोड फार आहे. गावाकडून वडील आले की रेंजवर न्यायचं, कानाला हेडफोन, हातात बंदूक, आणि फोटो फॅमिली ग्रुपवर. खाली काकांचे ‘एक नंबर दादा’. गुन्ह्याचा पुरावा स्वतः काढून, तारीख-वेळेसकट, चाळीस जणांना वाटायचा, असा प्रकार मी दुसरीकडे पाहिला नाही.

ग्रीन कार्डवाल्याला बंदूक ठेवता येते, तुझ्या नवऱ्याचं तेवढं बरोबर. पण तो अजून नागरिक नाही. बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं, आणि कायद्यात शब्द ‘कोणत्याही कायद्याखाली’ असे आहेत. वाढदिवसाच्या केकवर ‘सिटिझन’ लिहायची वाट बघणाऱ्या घरात हा जुगार कशाला? तो परवान्याचा कागद इमिग्रेशनच्या न्यायाधीशापुढे ढाल म्हणून धरता येत नाही.

आता कायदा बाजूला ठेवते. सहा वर्षांचं पोर ज्या गाडीत चढतं-उतरतं, त्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये भरलेलं पिस्तूल असता कामा नये. मॉन्युमेंट व्हॅलीला नाही आणि घराजवळच्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्येही नाही. टिशू, चॉकलेट, चार्जर सगळं तिथेच तर असतं. यावर मला त्याचा कुठलाच युक्तिवाद ऐकायचा नाही, आणि तूही ऐकू नकोस. घरात तिजोरी घ्या, त्यात ठेवा, किल्ली त्याच्याकडे असू दे.

त्याच्याशी बोलताना मात्र ‘तुझं चुकलं’ने सुरुवात करू नकोस. चोरी शेजारी झाली आणि भीती तुमच्या घरात राहायला आली, हे मला पत्रातून दिसतं. घरच्यांना राखायचं म्हणून त्याने ते घेतलं. त्याला एवढंच विचार: या गाडीत सगळ्यात जास्त धोका कोणाला आहे? उत्तर त्याचा सख्खा भाऊ आहे. बायकोचं न ऐकणारे पुरुष भावाच्या व्हिसावर येतं तेव्हा ऐकतात, असा माझा अनुभव. सासूबाईंनाही हळूच सामील करून घे. धाकट्या लेकाची नोकरी आणि व्हिसा पणाला लागलाय म्हटल्यावर त्या काय ते बघून घेतील.

ओसाड रस्त्याची भीती खरी आहे, पण त्यावर पिस्तूल हा उपाय नाही. ट्यूबा सिटी ते केयेंटा या पट्ट्यात फोनची रेंज जाते, पेट्रोल पंप विरळ आहेत, आणि संध्याकाळनंतर गाई-घोडे डांबरावर येतात. आमच्या ओळखीच्यांचे अपघात झाले ते जनावरांना धडकून. टाकी अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका, पाण्याचे दोन कॅन ठेवा, नकाशे फोनवर उतरवून घ्या, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. पोलिसाने थांबवलंच तर आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर, आणि विचारेल त्याचं खरं उत्तर. कूलरमधली बिअरही घरीच राहू दे, नवाहो नेशनमध्ये दारूला बंदी आहे.

आणि नवऱ्याला हेही विचार की टूसॉनला जाताना चँडलर सोडलं की आय-टेन हायवेवर लगेच कोणाची हद्द लागते? गिला रिव्हर टोळीची. स्कॉट्सडेलजवळ लूप १०१ हायवे जातो तो सॉल्ट रिव्हर टोळीच्या जमिनीतून. तो परवाना आणि ते पिस्तूल घेऊन हा माणूस गेली दोन वर्षं टोळ्यांच्या हद्दीतून ये-जा करतोय. तेव्हा विषय एका सहलीपुरता नाही.

जून आहे म्हणून घड्याळाचं सांगते. नवाहो नेशन उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतं, ॲरिझोना करत नाही. होपींची गावं चारी बाजूंनी नवाहोंनी वेढलेली, तरी ती फिनिक्सच्या वेळेवर. मॉन्युमेंट व्हॅलीतला गाइड ठरवताना आणि पेजची तिकिटं काढताना, कोणती वेळ धरता ते आधी विचारून घे. होपी गावांत फोन सगळ्यांनी खिशात ठेवायचे, फोटो काढलेले तिथे चालत नाहीत. सासऱ्यांचा फोटो मॉन्युमेंट व्हॅलीत काढा, संध्याकाळी, व्हिजिटर सेंटरच्या कट्ट्यावरून. मागे हातमोज्यासारखे ते दोन्ही लाल सुळके येतात.

— तुझी मावशी